आप्तवाक्य

मराठी माणूस ‘आप्त’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात नातलग असतात. लग्नपत्रिकेतला ‘आप्तेष्टांसह’ हा शब्द काका, मावश्या, मामेभाऊ या सर्वांना एका दोऱ्यात ओवून टाकतो. न्यायदर्शनातल्या आप्ताचे मात्र रक्ताच्या नात्याशी काही देणेघेणे नाही. गौतमाने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द प्रमाण ठरायचा तर तो आप्ताचा असला पाहिजे, अशी त्याची अट आहे. भाष्यकार वात्स्यायनाने ही अट उलगडून सांगितली. ज्याला वस्तूचे साक्षात् ज्ञान झाले आहे, आणि ते जसे झाले तसेच दुसऱ्यापर्यंत पोचवावे या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. हे लक्षण ऋषीला जसे लागू पडते तसेच आर्याला आणि म्लेच्छालाही, असेही तो सांगतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातले हे औदार्य थांबून पाहावे असे आहे. बोलणाऱ्याचे कूळ येथे विचारलेले नाही. त्याने पाहिले काय आणि तो बोलतो कशासाठी, एवढेच विचारलेले आहे. शब्द हे स्वतंत्र प्रमाण आहे की अनुमानाचाच एक प्रकार, हा नैयायिकांचा वैशेषिकांशी आणि बौद्धांशी असलेला जुना वाद येथे बाजूला ठेवता येईल.

या दोन अर्थांनी शतकानुशतके एकमेकांना फारसा उपद्रव दिला नाही. व्हॉट्सॲपवरच्या कौटुंबिक समूहात मात्र ते एकमेकांवर येऊन आदळले. तेथे येणारा प्रत्येक संदेश आप्ताच्या नावाने येतो. मजकूर कोणी लिहिला हे ठाऊक नसते, पण त्याच्या माथ्यावर आत्याचे नाव आणि तिचा हसरा चेहरा असतो. ज्या हातांनी आजारपणात पेज भरवली, त्याच हातांनी हे पाठवले आहे. मग संशय घ्यायचा कोणावर? आत्याने पाहिलेले काहीच नसते, पण तिचा हेतू शुद्ध असतो. वात्स्यायनाच्या लक्षणातला अर्धा भाग ती पुरेपूर पाळते, आणि त्या अर्ध्यालाच सारे कुटुंब पूर्ण समजते.

समाजमाध्यमांच्या निरोगी वापराविषयी जे बोलले जाते ते बहुधा मिनिटांच्या हिशेबात असते. फोन उशाशी ठेवू नये, जेवताना तो दूर असावा, दिवसाकाठी ठरावीक वेळच तो पाहावा. हा सल्ला वाईट नाही, पण तो पथ्यपाण्याचा सल्ला आहे. त्यात केवळ जेवणाऱ्याच्या पोटाची काळजी आहे. या पंगतीत प्रत्येक जण जेवणारा आहे आणि वाढपीही आहे. दिवसातून पाचच मिनिटे फोन हाती घेणारा संयमी गृहस्थ त्या पाच मिनिटांत काय वाढून जातो, हे मिनिटांच्या हिशेबात दिसत नाही.

१ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण तेथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव हिंडणे हा त्यांच्या समाजाचा परंपरागत जीवनक्रम. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, अशा आशयाचे संदेश तेव्हा गावोगाव पोचलेले होते. जमावाला हे पाच जण त्याच टोळीचे वाटले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात त्या पाचांना ठेचून मारण्यात आले. परक्या वेशाचा, परक्या बोलीचा माणूस दारी आला तर त्याला मूठभर पीठ घालणारा समाज हाच. त्या हंगामात अनेक राज्यांत अशा घटना घडल्या. तेव्हा देशभर फिरत असलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेताना दिसत. मूळ चित्रफीत कराचीतली, मुलांना जपा असे पालकांना सांगण्यासाठी तयार केलेली होती. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापला होता.

कापणाऱ्याचा अपराध उघड आहे. नीतिविचाराला अवघड जातो तो त्याच्यानंतरचा माणूस. त्याने काही कापले नाही, रचले नाही, कोणाचे वाईट चिंतले नाही. शेजारच्या लेकरांच्या काळजीने त्याने ते पुढे पाठवले. ‘आले तसे पाठवले’ हे त्याचे समर्थन असते, आणि ते खोटे नसते. पण पाठवताना त्याने त्यात एक गोष्ट मिळवलेली असते, ती म्हणजे स्वतःचे नाव. अनोळखी माणसाचे म्हणणे त्याच्या हातून ओळखीच्या माणसाचे म्हणणे होते. निरोप्या निरोपापुरता असतो, त्याचा दोष नसतो, हे जुने तत्त्व येथे लागू पडत नाही. कारण निरोप्याला निरोप कोणाचा हे सांगता येत असे. येथे प्रत्येक निरोप्या आपल्याच दारातून निघाल्यासारखा दुसऱ्याच्या दारी उभा राहतो. न्यायालये ऐकीव साक्ष सामान्यतः स्वीकारत नाहीत, त्यामागे हीच जाण आहे.

पूर्वीही असे प्रकार होतेच. एखाद्या देवीच्या नावाने पोस्टकार्ड येई: हे पत्र अकरा जणांना पाठवा, न पाठवल्यास अनिष्ट घडेल. पण ते अकरा वेळा हाताने लिहावे लागे, तिकिटाचे पैसे मोजावे लागत. चौथ्या कार्डाशी हात दुखू लागला की भक्तीला विवेकाची सोबत मिळे. बोट टेकवले की काम झाले, या सोयीने ती सोबत काढून घेतली. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, पुष्कळदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले. असे संदेश त्यानंतर ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीने त्याच महिन्यात सांगितले. कंपनीचा स्वतःविषयीचा दाखला जपूनच घ्यावा. तरी तो खरा मानला तर त्यातून निघणारे अनुमान विलक्षण आहे: एवढ्याशा गैरसोयीने जी इच्छा मावळते, ती मुळात इच्छा तरी होती काय?

मग कायद्यानेच पाठवणाऱ्याला धरावे, असे सुचणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्राने तो मार्गही पाहिला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिले होते, दुसरीने त्यावर पसंतीची खूण केली होती. ज्या ‘६६ अ’ कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. ते योग्यच झाले. पसंतीच्या खुणेसाठी तुरुंग दाखवणारे राज्य अफवेहून कमी भयानक नसते. परंतु कायदा मागे सरला म्हणून प्रश्न संपला नाही. तो घरात आला.

आणि घरात तो फार नाजूक होतो. सत्तरीच्या मामांनी कर्करोगावरचा रामबाण काढा समूहात पाठवला आहे. भाचीला तो निराधार असल्याचे ठाऊक आहे. ती कदाचित डॉक्टरही असेल. चाळीस नातलगांसमोर ‘मामा, हे खोटे आहे’ असे लिहावे तर वडीलधाऱ्यांचा अवमान होतो. गप्प राहावे तर त्या चाळिसांपैकी कोणी उपचार सोडील. बहुतेक जण गप्प राहतात आणि त्या मौनाला मर्यादा म्हणतात. ही मर्यादा तपासून पाहिली पाहिजे. जेथे प्रश्न केवळ मामांच्या समाधानाचा आहे तेथे ती शोभते. जेथे तिसऱ्याच्या प्राणाचा आहे तेथे तिला भीड म्हणावे. यातून वाट नाही असेही नाही. मामांना फोन करावा, प्रकृती विचारावी, मग विषय काढावा. दुरुस्ती त्यांनी स्वतःच समूहात टाकली तर त्यांचा मानही राहतो. यात वेळ जातो, तो जाऊ द्यावा.

पुढे पाठवणे ही क्रियाच दूषित आहे, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, प्राणवायूचे सिलिंडर आणि रुग्णालयांतल्या खाटा यांविषयीचे संदेश देशभर अहोरात्र फिरत होते. त्यांतले कित्येक शिळे झालेले होते. आई धाप लागून पडलेली असताना मुलगा एकामागून एक बंद क्रमांक फिरवत राही, आणि ते क्रमांक त्याला कळवळ्यानेच पाठवलेले असत. तेव्हा ठिकठिकाणच्या अनोळखी तरुण-तरुणींनी एक साधी गोष्ट सुरू केली. आलेल्या क्रमांकावर आधी स्वतः फोन करायचा. पलीकडून उत्तर मिळाले तरच तो पुढे द्यायचा, आणि त्याखाली लिहायचे: दुपारी अमुक वाजता विचारून खात्री केली. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा धर्म, भाषा, प्रांत एकमेकांना ठाऊक नसे. वात्स्यायनाचे नावही त्यांतल्या फार थोड्यांनी ऐकले असेल. रात्री उशिरा त्यांतलेच कोणी पुन्हा त्या रुग्णालयाला फोन लावी आणि दुपारच्या आपल्याच संदेशाखाली लिही: खाट भरली, हा क्रमांक आता पुढे पाठवू नये.