जोडल्यावर फाइल तीच राहते का?

दूरच्या सर्व्हरवरील फाइलच्या शेवटी स्वतःच्या संगणकावरचा मजकूर जोडण्याची युनिक्समधली रीत साधी आहे. ‘कॅट’ ही आज्ञा स्थानिक फाइल वाचते, मजकूर एसएसएचच्या कूटबद्ध जोडणीतून पलीकडे जातो आणि तिथला शेल ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह दोनदा पाहून तो फाइलच्या शेवटी वळवतो. चिन्ह एकदाच दिले, तर आधीचे सारे पुसले जाते. पलीकडे चालवायची आज्ञा अवतरणचिन्हांत नसेल, तर चिन्हाचा अर्थ इकडचाच शेल लावतो आणि मजकूर इकडच्याच फाइलमध्ये पडतो.

मजकूर जोडल्यावर पलीकडची फाइल तीच राहिली का? संगणक याची दोन उत्तरे देतो. फाइल-प्रणालीतला तिचा आयनोड क्रमांक बदलत नाही, म्हणून ती तीच. पण एक अक्षर वाढले तरी मजकुरावरून काढलेला तिचा शा-२५६ ठसा पार बदलतो, म्हणून ती दुसरी. 2005 मध्ये आलेली गिट ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली दुसरे उत्तर मानते.

वैशेषिक दर्शनाचा कौलही तसाच आहे: परिमाण बदलले की द्रव्य बदलले. बालपणीचे शरीर वेगळे, तारुण्यातले वेगळे. ‘तोच मी’ ही ओळख आत्म्याची. आयनोडला मात्र आत्म्याची जागा देता येत नाही. आतला सगळा मजकूर पुसला तरी क्रमांक तसाच राहतो, आणि अशा ‘तीच’ला फारसा अर्थ उरत नाही.

मजकूर जोडताना खरे सातत्य तिसऱ्याच गोष्टीत असते. आधीचे सगळे बाइट त्याच क्रमाने जागच्या जागी राहतात. तेवढ्याच भागाचा ठसा काढला, तर तो जुन्या ठशाशी जुळतो. जुनी फाइल नव्या फाइलमध्ये अखंड असते आणि हे कोणालाही तपासता येते. मधेच घुसवलेल्या ओळीला ही कसोटी लागू पडत नाही.

जोडलेली ओळ कोणाची, हे मात्र फाइल स्वतःहून सांगत नाही. धर्मग्रंथात हा प्रश्न सर्वांत गंभीर ठरतो, कारण तिथे परक्याचा शब्द मूळ कर्त्याच्या अधिकाराने वाचला जातो. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 च्या सुमारास, शुद्ध प्रत सिद्ध केली. तिच्यात कोणी स्वतःची ओवी मिसळू नये, असे त्यांनी बजावले. हे बजावणाऱ्या त्यांच्या ओव्या ग्रंथाच्या शेवटी येतात, आणि तिथे त्यांनी स्वतःचे नाव व शक दोन्ही नोंदवले आहेत.