मी नव्हे, तुम्ही



ज्येष्ठातल्या मंगळवारी लखनऊच्या रस्त्यांवरून फिरून पाहावं. लष्करी छावणी असो की जुनं शहर, जागोजागी मांडव. मारुतीरायाच्या नावाने पुरी-भाजी, गार सरबत. तिथे याला ‘बडा मंगल’ म्हणतात. वाढायला कॉलेजची मुलंही उभी राहतात, भर उन्हात. रिक्षावाला थांबतो, पहाऱ्यावरून सुटलेला जवान थांबतो. कुणी नाव विचारत नाही, जात विचारत नाही. भरलेला पेला दोन्ही हातांनी पुढे येतो. देणाराच जरा वाकलेला असतो.

मंडळी, देणं म्हणजे हे वाकणं. मी नव्हे, तुम्ही.

गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 1969 साली, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या ब्रीदाचा अर्थही हाच. मी नव्हे, तुम्ही. हाच धडा समाजसेवक बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीतही मिळाला; तिथे शहरातल्या मुलांनी कुदळ धरली. तळहाताला फोड आले, तेव्हा शेतात राबणाऱ्याचे कष्ट कळले.

आपण शिकतो, त्यामागे कितीतरी अनोळखी माणसांचे कष्ट असतात. त्यांची थोडी तरी फेड करावी. पण सेवेत उपकाराचा सूर लागला, की सेवा संपलीच. शेजारच्या आजींचा अर्ज भरून द्यायचाय? आधी त्यांचं बोलणं पुरतं ऐका. गरज त्यांची, घाई आपली नको.

मी नव्हे, तुम्ही. एवढं मनाशी धरा. आणि आज एक तरी काम असं करा, ज्यावर तुमचं नाव नसेल.