नऊचं फाटक

वाळवंट आणि डोंगर, दोन्ही गाडीनं पाहायचे असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं होतं. एकदा बेंगळुरूहून उत्तरेकडं, जैसलमेरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानापर्यंत, माळढोक पाहायला. आणि एकदा दक्षिणेकडं, बंदीपूर, मुदुमलाई, उटी करत मुन्नारजवळच्या एरविकुलमला, निलगिरी ताहर ही डोंगरकड्यांवरची रानबकरी पाहायला. सुट्ट्या जुळवून झाल्या, रस्ते पाहून झाले आणि नवऱ्यानं विचारलं, "आपण गेल्यानं त्या पक्ष्याचं काय भलं होणार आहे?"

"भलं कशाला व्हायला हवं? आपण पाहायला चाललोय."

"म्हणूनच विचारतोय. देशात दीडशेसुद्धा माळढोक उरलेले नाहीत. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. आपण दोन हजारांच्या आसपास किलोमीटर गाडी हाकत जाणार ते प्रेमानं. पण त्याच्या माळावर ती आणखी एक गाडीच असणार."

मला हे पटलं नाही. माझे बाबा सोलापूरचे. त्यांनी नान्नजच्या माळावर माळढोक पाहिला होता आणि घरात त्याचं वर्णन आम्ही इतक्यांदा ऐकलंय की तो पक्षी मीच पाहिलाय असं कधीकधी वाटतं. मी म्हणाले, "बाबांनी पाहिला म्हणून त्यांना त्याची काळजी वाटली. त्यांना वाटली म्हणून मला वाटते. ज्याला कुणी पाहिलंच नाही, त्याच्यासाठी भांडणार कोण? तुझ्या हिशेबानं सगळेच घरी बसले तर ते माळ पडीक जमीन म्हणून कुणाच्या तरी घशात जायला वेळ लागणार नाही."

"बाबांनी पाहिला, त्यांच्यासारख्या शेकडो लोकांनी पाहिला. मग नान्नजचा माळढोक का टिकला नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं, आणि ते माझ्याच बाजूचं आहे असं मला तेव्हा वाटलं. 1979 साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत, नान्नजचा माळ धरून, माळढोक अभयारण्य झालं. त्याचं क्षेत्र होतं 8,496 चौरस किलोमीटर. एवढ्या मोठ्या रेघेत नुसते माळ येत नाहीत. गावं, शेतं, विहिरी, रस्ते, सगळंच येतं. जमिनीच्या प्रत्येक कामाला अडचण होऊ लागली आणि ज्या शेतकऱ्याच्या बांधावर तो पक्षी पिढ्यान्‌पिढ्या सुखानं चरत होता, त्या शेतकऱ्यालाच तो नकोसा झाला. पुढं ते क्षेत्र कापून 1,222 चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. आता नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

"म्हणजे तूच सांगतेयस," तो म्हणाला, "की पाहणाऱ्यांच्या प्रेमानं तो वाचला नाही, आणि ज्यांच्यावर भार पडला त्यांच्या रागानं त्याचं नुकसान झालं. प्रेम एकाचं, किंमत दुसऱ्याची. तुझ्या बाबांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण त्यासाठी त्यांना काय द्यावं लागलं?"

बाबांबद्दल असं कुणी बोललं तर मी एरवी चिडले असते. त्या दिवशी चिडता आलं नाही, कारण तो प्रश्न बाबांना नव्हता, आम्हा दोघांना होता.

मी दुसरीकडून सुरुवात केली. आमची गाडी विजेवर चालते. धूर नाही, आवाज जवळजवळ नाही. कर्नाटकात तर पावगड्यासारखा दोन हजार मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. जाणं इतकं निरुपद्रवी करता येत असेल तर जाण्यालाच दोष का द्यायचा?

"थरच्या वाळवंटात माळढोक कशानं मरतात, माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. विजेच्या तारांनी. माळढोक जड पक्षी, आणि त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. शत्रू कुठूनही आला तरी दिसावा म्हणून ते तसे आहेत, पण उडताना नेमकं समोरचं त्याला कमी दिसतं. तार जवळ येईपर्यंत उमगत नाही, आणि उमगल्यावर एवढं वजन झटकन वळवता येत नाही. थरमधल्या त्या तारांतून वाहणारी बरीचशी वीज उन्हाची आणि वाऱ्याची, म्हणजे आपण जिला स्वच्छ म्हणतो ती. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या एम. के. रणजितसिंह यांनीच यासाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. एप्रिल 2021 मध्ये न्यायालयानं माळढोकच्या प्रदेशातल्या तारा शक्य तिथं जमिनीखाली घ्यायला सांगितल्या. सरकार पुन्हा न्यायालयात गेलं: इतक्या मोठ्या प्रदेशात, इतक्या दाबाच्या तारा पुरणं जमणारं नाही, आणि सौरऊर्जा अडली तर हवामानाचं संकट वाढेल. मार्च 2024 मध्ये न्यायालयानं तो सरसकट आदेश मागं घेतला, तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क राज्यघटनेतून येतो असंही म्हटलं.

या खटल्यात दुष्ट असं कुणीच नाही, हे मला फार अवघड वाटतं. कोळसा विरुद्ध पक्षी असता तर बाजू घेणं सोपं होतं. इथं एका बाजूला पक्षी आणि दुसऱ्या बाजूला ऊन.

"मग न्यायालयाचं चुकलं असं म्हणायचंय तुला?" मी विचारलं.

"नाही. न्यायाधीशाच्या जागी मी असतो तर मलाही रात्रभर झोप आली नसती. पण मी त्या जागी नाही. मी एक सहलीला निघालेला माणूस आहे. त्या तारेतली वीज दवाखान्याला लागते, गिरणीला लागते, शेतातल्या पंपाला लागते, आणि आपल्या गाडीलाही लागते. पक्ष्यासमोर या सगळ्यांना एकाच रांगेत उभं करायचं का? दवाखान्यासाठी तार गेली तर मी मान खाली घालून मान्य करीन. माझ्या चार दिवसांच्या मौजेसाठी गेली तर कोणत्या तोंडानं करू?"

"मौज म्हणू नकोस तिला. डोंगर पाहून माणूस बदलतो."

"बदलतो, मान्य. पण त्या बदलाची निकड आजच्या आज, याच रस्त्यानं, याच गाडीतून भागवायला हवी असं नाही."

इथं आमच्या बोलण्याला खरी दिशा मिळाली, असं मला वाटतं. प्रश्न जावं की न जावं हा उरला नाही. ज्यांच्या ज्यांच्या गरजा त्या वाटेवर येतात त्यांत आपली गरज कितव्या जागी आहे, हा झाला. आणि ते तपासायला थरपर्यंत जायची गरज नव्हती. बेंगळुरूपासून सव्वादोनशे किलोमीटरवर बंदीपूर आहे.

बंदीपूरमधून दोन महामार्ग जातात, एक उटीकडं आणि एक वायनाडकडं. 2009 पासून दोन्ही रस्ते रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतात. ठरावीक बस आणि रुग्णवाहिका यांना सूट. 2010 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ही बंदी कायम केली. केरळ सर्वोच्च न्यायालयात गेलं. नवरा या बंदीचा कट्टर पाठीराखा. "चोवीस तासांपैकी पंधरा तास रस्ता आपला आहे," तो म्हणतो. "नऊ तास हत्तीला, बिबट्याला, हरणाला दिले तर काय बिघडलं?"

"वायनाडमधल्या माणसाला विचार काय बिघडलं ते," मी म्हणाले. "त्या जिल्ह्यात रेल्वे नाही. 2019 मध्ये सुलतान बत्तेरीला तरुण पोरं उपोषणाला बसली होती, ती काही हत्तींची वैरी म्हणून नव्हे. गुंडलुपेटची भाजी केरळात जाते, तिला वेळेत पोचायचं असतं. रुग्णवाहिकेला सूट आहे, पण सगळीच निकड रुग्णवाहिकेत बसून येत नाही. कुणाची परीक्षा असते, कुणाच्या घरी मयत असतं. बेंगळुरूत बसून बंदीला टाळ्या वाजवणं म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे खरं आहे. नान्नजलाही हेच झालं."

"मग बंदी उठवायची?"

"नाही. माझं मत तेच आहे. कुट्ट्यावरून वायनाडला जायचा दुसरा रस्ता आहे, लांबचा असला तरी आहे. हत्तीला दुसरं बंदीपूर नाही. पण ज्यांना बंदी सोसावी लागते त्यांच्यापेक्षा जास्त काही आपण सोसत नसू, तर तिची बाजू घ्यायचा अधिकार आपल्याला नाही, हे तुझं मला पटलं."

जास्त सोसायचं म्हणजे काय करायचं? यावर आमचं फारसं दुमत झालं नाही. शुक्रवारी संध्याकाळी बेंगळुरूत काय होतं ते आम्ही पाहत आलोय. 2023 मध्ये म्हैसूरचा द्रुतगती मार्ग झाल्यापासून बंदीपूर जवळ आलं. कचेरी सुटली की गाड्या सुटतात, आणि हिशेब एकच: नऊच्या आत उटीच्या रस्त्यावरचा मेलुकामनहळ्ळीचा नाका गाठायचा. म्हणजे ज्या फाटकानं जनावरांना रात्र द्यायची, त्याच फाटकाच्या भीतीनं तिन्हीसांजेला, जनावरं रस्त्याकडं यायला लागतात नेमक्या त्या वेळी, गाड्या जीव खाऊन धावतात. वायनाडचा भाजीवाला धावला तर त्याला कारण आहे. आम्हाला कोणतं आहे? आम्हाला तर सकाळीही चालतं.

मग मी स्वतःच्याच लाडक्या मुद्द्याला हात घातला. स्वतःच्या गाडीनं जायची मजा कशात? वाटेल तिथं थांबता येतं यात. पण बंदीपूरच्या रस्त्यावर गाडी थांबवायला मनाई आहे, आणि ती रास्तच आहे. म्हणजे जिथं थांबावंसं सगळ्यात जास्त वाटणार, तिथं आपली गाडी बसपेक्षा काडीचंही जास्त काही देत नाही. पुढं उटीला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं मे 2024 पासून ई-पास लागतो. एप्रिल 2025 पासून हंगामात एरवीच्या दिवशी 6,000 आणि शनिवार-रविवारी 8,000 गाड्यांची मर्यादा घातली. सरकारी बसनं जाणाऱ्याला पास लागत नाही. आणि एरविकुलमला तर खासगी गाडी आत जातच नाही. फाटकाशी गाडी सोडायची आणि वनखात्याच्या बसनं राजमलैपर्यंत जायचं. ताहरच्या पिल्लांच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यानच बंद ठेवतात. पर्यटक त्या वेळी आला तर परत जातो. तरी एरविकुलमवरचं लोकांचं प्रेम आटलेलं नाही, आणि ताहर तिथं माणसांपासून हाकेच्या अंतरावर निर्धास्त चरतात. पाहणं आणि राखणं एकमेकांच्या आड येतातच असं नाही, या माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

"हे तुझ्या बाजूनं गेलं," नवरा म्हणाला. "पण अटी माझ्या."

माळढोकबद्दल मात्र एकमत झालेलं नाही. तो म्हणतो, संख्या सावरेपर्यंत आपण जाऊ नये. आपली पाहण्याची हौस एका पिढीनं पुढं ढकलली तर काही अडत नाही. थरमध्ये बंदिस्त जागेत पिल्लं वाढवण्याचं काम चाललंय, त्याला वेळ द्यावा. मी म्हणते, मरुभूमी उद्यानात गावं आहेत, माणसं राहतात. पाहुणा आला, त्यांच्या घरी राहिला, दोन पैसे देऊन गेला, तर पक्षी जिवंत असण्यात त्यांचा फायदा राहतो. नान्नजला नेमकं तेच झालं नव्हतं. मी रेल्वेनं जाईन, विणीचे पावसाळी महिने टाळीन, वनरक्षक म्हणेल तिथूनच मागं फिरेन. दिसला नाही तरी चालेल. त्याला हेही पटत नाही. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे हे मला कळतं, आणि तरीही मला जावंसं वाटतं.

डोंगरांचं ठरलं आहे. म्हैसूरपर्यंत गाडी, तिथं मुक्काम, सकाळी उटीची सरकारी बस, आणि पुढंही तसंच. चार दिवसांच्या सहलीला दोन दिवस जास्त लागतील. मौजेसाठी जाणाऱ्याकडं देण्यासारखं वेळेखेरीज दुसरं आहे तरी काय, आणि वायनाडच्या भाजीवाल्याकडं नेमका तोच नसतो.

बेंगळुरूहून शुक्रवारी निघणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. बसनं गेलात तर उत्तम. गाडी न्यायचीच असेल तर नऊचं फाटक गाठायला धावू नका. म्हैसूरला नाहीतर गुंडलुपेटला रात्र काढा. फाटक सकाळी सहाला उघडतं.