मागून येणाऱ्यासाठी



मे महिन्याच्या सुटीत आपली तरुण मुले मोटारसायकलींवरून गोव्याला निघतात. मागे लोखंडी कॅरियर, दोन्ही बाजूंना पेट्या, वर रबरी दोरीने आवळलेली बॅग. असाच एक गट पहाटे चर्चच्या आवारातून निघत होता. सगळ्यांच्या गाड्या सुरू झाल्या, पण एक मुलगा पाना घेऊन खाली बसला होता आणि पेट्यांचा एकेक बोल्ट तपासत होता. बाकीचे हसले. "अरे, कालच तर नवीन बसवलंय सगळं!" तो म्हणाला, "म्हणूनच बघतोय." डाव्या पेटीचा एक नट नुसत्या बोटाने फिरत होता. त्याने तो आवळला. सगळे सुखरूप जाऊन आले.

नंतर त्यांच्यातल्याच एकाने मला विचारले, "फादर, समजा त्याने पाहिलं नसतं आणि तरीही पेटी पडली नसती, तर त्याचं काही चुकलं असतं का?"

प्रश्न साधा वाटतो, पण तसा तो नाही.

आधी नटाविषयी. आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच तो दोन भागांना धरून ठेवतो. नवीन जोडणीत रंगाचा थर दबतो आणि ताण कमी होतो. शिवाय इंजिनाच्या व रस्त्याच्या हादऱ्यांनी जोडलेले भाग आडवे सरकत राहिले, की आट्यांमधले घर्षण क्षणभर सुटते आणि नट हळूहळू उलटा फिरतो. गेरहार्ड युंकर ह्या जर्मन अभियंत्याने १९६९ साली हे प्रयोगाने दाखवून दिले. म्हणून जाणकार मंडळी नायलॉनची कडी असलेला नट वापरतात आणि नटावरून पट्टीवर रंगाची एक रेघ ओढून ठेवतात. रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला असे समजावे. थोडक्यात, नट सैल होणे हे कोणाचे पाप नव्हे. प्रश्न आहे तो पाहण्याचा.

२५ जुलै २००० रोजी पॅरिसच्या विमानतळावर एका विमानातून सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीची धातूची पट्टी धावपट्टीवर पडली. ते विमान निघून गेले. काही मिनिटांनी त्याच धावपट्टीवरून धावणाऱ्या काँकॉर्ड विमानाचे टायर त्या पट्टीने फाटले, इंधनाची टाकी फुटली, आग लागली. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ जण मरण पावले. २०१० साली फ्रान्सच्या न्यायालयाने पहिल्या विमानाची कंपनी आणि तिचा एक कारागीर ह्यांना दोषी ठरवले. २०१२ साली वरच्या न्यायालयाने दोघांना फौजदारी दोषातून मुक्त केले, मात्र नुकसानीची जबाबदारी कंपनीवर ठेवली.

दोष आणि देणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ह्या निकालात दिसते. आपल्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच सापडते.

टॉमस नेगल ह्या तत्त्वज्ञाने १९७६ साली एक कोडे मांडले. दोन चालकांनी गाडीचे ब्रेक तपासून घेतले नाहीत. एकाच्या वाटेत मूल आले, दुसऱ्याच्या आले नाही. हयगय दोघांची सारखीच. मग एकाला जन्मभराचा पश्चात्ताप आणि दुसऱ्याला शांत झोप, हे कसे? मला वाटते, दोष दोघांचा सारखाच. फरक आहे तो देण्याचा. ज्याच्या हातून इजा झाली, त्याने त्या घरी जाणे, भरपाई करणे, दुःख वाटून घेणे हे त्याचे देणे आहे. दुसऱ्याचे देणे एवढेच, की नशिबाने वाचलो हे ओळखून उद्यापासून तपासावे. संत थॉमस अक्विनस ह्यांनी निष्काळजीपणाला स्वतंत्र पाप मानले आहे. मनात वाईट हेतू नसणे पुरेसे नाही, जेवढी काळजी घ्यायला हवी तेवढी घेतली का, हा प्रश्न उरतोच.

ह्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्याने प्रामाणिकपणे पाहिले आणि तरीही पेटी पडली, त्याला दुःख होईल आणि ते व्हावेही, पण त्याने स्वतःला गुन्हेगार मानू नये. दर दहा मिनिटांनी गाडी थांबवून नट पाहणे ही काळजी नव्हे, ती भीती झाली.

मग त्या मुलाला मी काय सांगितले? होय, चुकले असते. कारण पेटी पडली असती तर ती बहुधा मागून येणाऱ्या स्कूटरपुढे पडली असती. आपल्या आळसाची किंमत अशा माणसाने मोजली असती, ज्याला आपण विचारलेही नव्हते. नवीन घराच्या गच्चीला कठडा बांधा, म्हणजे कोणी पडल्याचा दोष घरावर येणार नाही, असा नियम अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे, तो ह्याच कारणासाठी.

आज घरी जाताना गाडी सुरू करण्याआधी मागचे कॅरियर एकदा हाताने हलवून पाहा. आवाज आला, तर पाना आणा. गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेल्या कुंड्यांनाही एकदा हात लावून पाहा. खालून शाळेची मुले जातात.

आपला,
प्रमुख धर्मगुरू