जुनी मुलाखत, नवा प्रेक्षक

जुन्या टीव्ही मुलाखतीवर प्रेक्षक जे बोलतात, त्याचे साधारण तीन प्रकार पडतात. पहिला हळहळीचा: तेव्हा माणसे किती निवांत बोलत! दुसरा आपलेपणाचा: हा तर आपल्याकडचाच. तिसरा मागाहून सुचलेल्या शहाणपणाचा: पुढचे सगळे चेहऱ्यावर दिसतच होते. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याची ऑस्ट्रियन दिग्दर्शक रुडी डोलेझाल यांनी १९८४ मध्ये म्युनिकला मुलाखत घेतली. मराठी प्रेक्षक ती पाहतो तेव्हा हे तिन्ही प्रकार एकत्र येतात.

हळहळ सहसा आठवणीतून येते. इथे मात्र आठवणच नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीसारख्या गावाला टीव्ही म्हणजे दूरदर्शनची एकच वाहिनी. ‘हम लोग’ ही मालिका त्याच वर्षी सुरू झाली. उपग्रह वाहिन्या १९९१ नंतर आल्या. आर्णीचा प्रेक्षक आज मोबाइलवर मर्क्युरीला पाहतो, तेव्हा ती मुलाखत त्याच्यासाठी जुनी नसून नवीनच असते. ‘काय दिवस होते ते’ असे तो म्हणतो, पण ते दिवस त्याने पाहिलेले नसतात. शिवाय त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती. बीबीसीनेही टेप पुसून पुन्हा वापरल्या. जपले गेले ते बहुधा नावाजलेले. रटाळ आणि चाकोरीतले बरेचसे नष्ट झाले. त्यामुळे सगळ्याच जुन्या मुलाखती सरस होत्या, हा निष्कर्ष फसवा आहे.

आपलेपणाला मात्र भक्कम आधार आहे. मर्क्युरीचे मूळ नाव फारुख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. आडनाव गुजरातमधल्या बलसाडवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून, आलेले. आठ वर्षांच्या आसपास त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये ठेवले गेले. पियानो तो तिथे शिकला, ‘फ्रेडी’ हे नाव तिथेच पडले आणि १९५८ मध्ये ‘द हेक्टिक्स’ हा शाळकरी बँडही तिथेच उभा राहिला. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला आणि पुढच्या वर्षी तिथल्या क्रांतीनंतर कुटुंबासह इंग्लंडला गेला. जडणघडणीची वर्षे सातारा जिल्ह्यात गेली, हे खरे. पण मुलाखतींत तो त्यांविषयी फारसे बोलत नसे. ‘आपला माणूस’ ही प्रेक्षकाची मागणी आहे. मर्क्युरीने ती कधी पुरवली नाही.

तिसरा प्रकार सर्वांत निसरडा. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने एड्स झाल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी वयाच्या ४५व्या वर्षी तो गेला. जोडीदार जिम हटन यांच्या आठवणींनुसार निदान १९८७ मधले. म्हणजे १९८४ च्या चित्रफितीत आजाराची सावली शोधणाऱ्याला ती सापडते, कारण त्याने ती स्वतः सोबत आणलेली असते. बोलताना वरचा ओठ खाली ओढण्याच्या त्याच्या सवयीचेही असेच. कोणी तिला माज म्हणतो, कोणी दुःख. खरे कारण साधे होते: तोंडात चार जादा दात होते आणि ते झाकण्याची त्याला सवय होती. ते काढल्याने आवाजाला धोका नको म्हणून त्याने ते काढलेही नाहीत.

मग जुन्या मुलाखतीतून हाती काय लागते? २०१६ मध्ये युरोपातील संशोधकांनी त्याच्या गाण्यांसोबत सहा मुलाखतींतील बोलणेही मोजले. बोलण्याची मधली पट्टी सुमारे ११७ हर्ट्‌झ निघाली. त्यावरून तो मुळात बॅरिटोन म्हणजे मध्यम-खर्ज आवाजाचा असावा, असे त्यांनी मांडले. गायला मात्र तो टेनरसारखा वरच्या पट्टीत. प्रश्नकर्त्याने जे विचारले नाही आणि उत्तर देणाऱ्याने जे सांगितले नाही, ते चित्रफितीने जपून ठेवले होते.

जुनी मुलाखत हा दस्तऐवज आहे आणि दस्तऐवजासारखीच ती वाचावी. कोणत्या साली, कोणी, कोणासाठी घेतली आणि त्या वेळी काय घडायचे बाकी होते, हे आधी पाहावे. दाद त्यानंतर द्यावी.