नव्या स्विफ्टच्या रूपाबद्दल

केज

चि. ताई,

तू बुक केलेल्या नव्या स्विफ्टचं तोंड पाहून तुझं मन खट्टू झालं, हे वाचलं. तुमच्याकडचा एक अ‍ॅक्सेसरीवाला खाली झुकणारा बंपर, स्पॉयलर आणि दिव्यांवर धुरकट फिल्म लावून गाडी ‘स्पोर्टी’ करून देतो म्हणतोय. ते मुळीच करू नकोस.

तुझी नाराजी मला पटते. मे 2005 मध्ये पहिली स्विफ्ट आली, तेव्हा चाकं पार कोपऱ्यांत, काचांमधले खांब काळे, सगळं अंग आवळलेलं. तशी छोटी गाडी आपल्याकडे दुसरी नव्हती. 2011 आणि 2018 च्या पिढ्यांनीही तो बांधा बराच जपला. 9 मे 2024 ला आलेल्या गाडीत मात्र बॉनेट रुंद पसरलंय आणि पुढची जाळी गुळगुळीत काळी झालीय. अंगातला तो ताण गेलाय. एवढे लाख मोजणाऱ्याने रूपाबद्दल बोलावंच.

पण सगळा दोष चित्र काढणाऱ्याच्या माथी मारू नकोस. धडकेत पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आपटतं. पत्र्याखालचं इंजिन त्याला लागू नये म्हणून मधे मोकळी जागा ठेवावी लागते, आणि हल्लीच्या गाड्यांची नाकं वर जायला हेही एक कारण आहे. मागच्या दाराचं हँडल पुन्हा दारावर आलं, याचंही तुला वाईट वाटलं. 2018 च्या गाडीत ते वर, काचेमागच्या काळ्या खांबात लपवलेलं होतं. गाडी दोनदारी दिसायची, ऐटदार वाटायची. पण आपल्या आजीचा हात तिथवर पोचत नाही. दार उघडायला तिला दर वेळी कुणालातरी हाक मारावी लागते. हा बदल मला मनापासून आवडला.

तुला गाडी चालवायची हौस आहे, म्हणून रूपाआधी इंजिन बघ. चार सिलिंडर जाऊन तीन आले, ताकद 90 पीएसवरून 82 वर आली. कंपनी मायलेज लिटरला 24.8 किलोमीटर सांगते आणि सहा एअरबॅगा सगळ्या मॉडेलांत आहेत, हे चांगलंच. पण ती हौस याने भागेल का? परदेशात मिळालेली 1.4 टर्बोची स्विफ्ट स्पोर्ट आपल्याकडे कधी विकायला आलीच नाही. टाटांनी जून 2024 मध्ये काढलेल्या अल्ट्रोझ रेसरचं इंजिनही 1.2 लिटरचंच, पण टर्बोमुळे 120 पीएस देतं. ह्युंदाईची आय20 एन लाइनही त्याच ताकदीची. कुणाची वापरलेली मिळत असली तरी या गाड्या एकदा चालवून बघ.

आता त्या बंपर-स्पॉयलरच्या किटबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. उद्या अपघात झाला तर विमावाला याच फटीत बोट घालतो. शिवाय खाली झुकलेला बंपर आपल्या गावागावांतल्या गतिरोधकांवर किती दिवस टिकेल? दिव्यांवरच्या फिल्मचा तर मला रागच येतो. उसाच्या हंगामात तू रात्री अंबाजोगाई रस्त्याने येतेस. पुढे दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, पुष्कळदा मागे लाल दिवाही नाही. तू ब्रेक दाबलास की मागच्याला तुझा दिवा लख्ख दिसलाच पाहिजे.

फोटोवर जाऊ नकोस. भर उन्हात गाडीभोवती दोन चकरा मार, तिरकं उभं राहून बघ, आईला मागे बसव. एवढं करूनही मन घेत नसेल तर बुकिंग सरळ रद्द कर. किटचे पैसे मात्र कुठल्याही गाडीवर घालू नकोस.

तुझा,
मामा