खाड्याचे पैसे

दिवाळी अंकाच्या संपादकांचे पत्र आले, की आमच्या घरात एक ठरलेला संवाद होतो. मी पत्र वाचून टेबलावर ठेवतो. सौ. ते उचलते, शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि विचारते, "अहो, मानधनाचं काही लिहिलेलं दिसत नाही?" मी म्हणतो, "द्यायचे ते देतील. लिहिणं काय कुणी पैशासाठी करतं?" यावर ती काही बोलत नाही, बेसन भाजायला निघून जाते. पण जानेवारी सरला आणि मानधन आले नाही, की संपादकांना आडवळणाने आठवण करून देणारा माणूस मीच असतो!

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला चित्रकलेचा मास्तर. चार-दोन कादंबऱ्या नावावर आहेत. तत्त्वज्ञानाची पुस्तके मी फारशी वाचलेली नाहीत. पण आवडीच्या कामाचे पैसे घ्यावेत की घेऊ नयेत, हा प्रश्न मात्र गेली कित्येक वर्षे माझ्या पायात काट्यासारखा सलतो आहे. आणि गंमत अशी, की तो काटा मला लिहिण्यामुळे लागला नाही; फुटबॉलमुळे लागला.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल हा पेठेचा खेळ आहे. तालमीच्या आत लाल मातीचा हौदा आणि बाहेर फुटबॉलचा संघ, असे येथले जुने नाते. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला, की त्या दुपारी लग्नाचा मुहूर्तसुद्धा लोक जपून धरतात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी अशाच एका संघातून खेळू लागला होता. शाळा सोडून तो उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर लागला होता. वडील नव्हते, आई चार घरची धुणीभांडी करीत असे. एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "सर, एक विचारायचं होतं. सामना दुपारचा असतोय. अर्धा दिवस गेला, तरी मालक पुरा खाडा धरतोय. तालमीतली माणसं म्हणत्यात, तुझ्या खाड्याचे पैसे आम्ही देतो, तू खेळ. घेऊ का?"

मी त्या वेळी तिशीत होतो आणि आदर्शवादी होतो; म्हणजे माझा पगार दरमहा बँकेत जमा होत होता. मी म्हणालो, "अरे, खेळ ही पूजा आहे. पूजेचे कोणी पैसे घेते काय?" पूजेची दक्षिणा घेणारे गुरुजी मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण ते त्या क्षणी आठवले नाहीत. तो "बरं सर," म्हणाला आणि गेला. त्याने पैसे घेतले नाहीत. तो हंगाम तो पदरचे खाडे सोसून खेळला. पुढच्या हंगामात मैदानावर दिसला नाही. मी मात्र आपण एका तरुणाला सन्मार्ग दाखवला, या समाधानात बरीच वर्षे काढली.

2022 साली विश्वचषकाच्या दिवसांत आमच्या पेठा अर्जेंटिना आणि ब्राझील अशा वाटल्या गेल्या होत्या. मुलांच्या आग्रहावरून शाळेत 'जगातले फुटबॉल' या विषयाचे भित्तिपत्रक करावयाचे ठरले. चित्रे काढण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्या निमित्ताने माहितीही जमवावी लागली. तोपर्यंत फुटबॉल म्हणजे पायाने चेंडू मारण्याचा एकच खेळ, अशी माझी समजूत होती. पाहतो तो काय, हे एक मोठे एकत्र कुटुंब निघाले; आणि आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांप्रमाणे त्यातही वाटण्या झालेल्या होत्या!

1859 साली मेलबर्नमध्ये काही क्रिकेटपटूंनी हिवाळ्यातल्या खेळासाठी आपले नियम लिहून काढले. तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल. अजूनही तो क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर, एका बाजूला अठरा गडी घेऊन खेळतात. 1863 साली लंडनच्या एका खाणावळीत क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि फुटबॉल असोसिएशन जन्मास आली. चेंडू हातात घेऊन पळावे की नाही आणि प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारावी की नाही, यावर तेथे कडाक्याचे वाद झाले. लाथ मारण्याची मुभा गेली तर खेळातले पौरुष जाईल, असे म्हणत ब्लॅकहीथचा क्लब बाहेर पडला. हाताने खेळणाऱ्यांनी 1871 साली आपली रग्बी युनियन काढली. समुद्रापलीकडे अमेरिकेने त्याच रग्बीला वेगळे वळण देऊन आपला फुटबॉल घडवला. आयर्लंडने 1884 साली थर्ल्स गावी संघटना स्थापून गेलिक फुटबॉल जोपासला.

ह्या वाटण्या नियमांवरून झाल्या. त्यांत कोणाचे पोट गुंतलेले नव्हते. पण यानंतरच्या एका वाटणीने मला खुर्चीत ताठ बसवले. कारण ती खाड्यावरून झाली होती.

इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशर आणि लँकेशरमध्ये, रग्बी खेळणारे बहुतेक जण खाणकामगार आणि गिरणीकामगार होते. शनिवारी अर्धा दिवस काम असे. लांबच्या गावी सामना असला, की तो अर्धा दिवस बुडे आणि मजुरी जाई. तेथले क्लब म्हणू लागले, आम्हांला खेळण्याचे वेतन द्यायचे नाही. बुडालेल्या वेळाची भरपाई तेवढी करू द्या. इंग्रजीत तिला त्यांनी 'मोडलेल्या वेळाचे पैसे' असे नाव दिले होते. आपल्या उद्यमनगरच्या भाषेत सांगायचे, तर खाड्याचे पैसे. 1893 साली लंडनच्या सभेत हा ठराव मतास पडला आणि 136 विरुद्ध 282 मतांनी फेटाळला गेला. खेळ हा खेळासाठी खेळावा, पैसा आला की तो भ्रष्ट होतो, असे बहुमताचे म्हणणे होते.

हे बहुमत कोणाचे होते? महागड्या निवासी शाळांतून शिकलेल्या, वकिली, व्यापार किंवा वडिलोपार्जित मिळकत असलेल्या गृहस्थांचे त्यात वजन होते. शनिवारची दुपार त्यांना फुकट मिळत होती. नव्हे, ती त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणी तरी आधीच भरून ठेवलेली होती. मला त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. माझ्या स्वतःच्या प्रामाणिकपणाविषयीही त्या संध्याकाळी मला शंका नव्हती!

अखेर 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि वेगळे झाले. नॉर्दर्न युनियन उभी राहिली. पहिल्या हंगामात 22 क्लब होते आणि खाड्याचा दर दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग ठरला होता. 1906 साली त्यांनी पंधराचे तेरा गडी केले आणि एकाचे दोन खेळ झाले. एक रग्बी युनियन, दुसरा रग्बी लीग. युनियनवाल्यांनी इतका विटाळ मानला, की लीगमध्ये खेळलेल्या माणसाला पुन्हा आपल्यात येऊ देत नसत. आणि शेवट काय? ऑगस्ट 1995 मध्ये, त्या वाटणीला शंभर वर्षे पुरी होत असताना, पॅरिसच्या बैठकीत रग्बी युनियननेही पैसे घेऊन खेळण्यास मोकळीक दिली. जे शंभर वर्षे पाप होते, ते एका दुपारी पाप राहिले नाही. मग त्या शंभर वर्षांत ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांचा हिशेब कोणी करायचा?

अशा हिशेबातले एक नाव जिम थॉर्प. हा अमेरिकेतला मूळ रहिवासी जमातीतला खेळाडू. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्हींत सुवर्णपदके मिळवली. पुढच्याच वर्षी ती काढून घेण्यात आली. कारण 1909 आणि 1910 च्या उन्हाळ्यांत तो किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. कॉलेजची इतर मुलेही तशी खेळत, पण खोटे नाव घेऊन. थॉर्पने आपले खरे नाव सांगितले होते. 1920 साली अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलची संघटना निघाली, तेव्हा तोच तिचा पहिला अध्यक्ष झाला. पदकांवरचा त्याचा हक्क 1982 साली मान्य झाला, आणि 2022 साली तो त्या दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून नोंदला गेला. तो 1953 सालीच वारला होता.

येथे वाचक विचारतील, "मास्तर, मग पैसा निर्दोषच म्हणायचा?" तसे म्हणायला माझी जीभ धजत नाही. युनियनवाल्या गृहस्थांची भीती अगदीच पोकळ नव्हती. खाड्याच्या भरपाईला परवानगी दिल्यापासून तीन वर्षांत, 1898 साली, नॉर्दर्न युनियनने खेळाचे वेतन देणेही मान्य केले. साध्या फुटबॉलमध्ये तर ते 1885 सालीच मान्य झाले होते. 1888 साली विल्यम मॅकग्रेगर नावाच्या बर्मिंगहॅमच्या कापडदुकानदाराच्या पुढाकाराने बारा क्लबांची लीग निघाली. पैसा आला आणि त्याच्यामागून मालकीही आली. 1901 साली खेळाडूच्या पगारावर आठवड्याला चार पौंडांची मर्यादा घातली गेली. 1961 साली ती उठली, तेव्हाही ती वीस पौंडच होती. मैदान माणसांनी फुलून जाई, पण ज्याला पाहायला ती माणसे येत, त्याचा पगार नियमाने बांधलेला. शिवाय करार संपला, तरी क्लब त्याला अडकवून ठेवू शकत असे. बैलाला निदान बाजार बदलतो. याला तोही नव्हता. हे सगळे पैसा देऊनच चालले होते. तेव्हा पैसे मिळाले म्हणजे न्याय झाला, असेही नाही.

उलट आयर्लंडचे उदाहरण पाहा. गेलिक फुटबॉलचे खेळाडू आजही खेळण्याचा पगार घेत नाहीत. प्रवासखर्च मिळतो, सरकारकडून थोडे अनुदान मिळते, बस्स. डब्लिनच्या क्रोक पार्कवर अंतिम सामन्याला ऐंशी हजारांवर माणूस जमतो, आणि रविवारी त्यांच्यापुढे खेळलेला एखादा मास्तर पुन्हा आपल्या वर्गात जाऊन फळा पुसतो. या मास्तराचा मला मनापासून हेवा वाटला. तेथे खेळाडू आपल्या परगण्याकडून खेळतो. त्याला दुसऱ्याने विकत घेतलेले नसते. 21 नोव्हेंबर 1920 रोजी याच मैदानावर ब्रिटिश सत्तेच्या शिपायांनी सामना चालू असताना गोळीबार केला आणि चौदा जीव गेले. त्यांत मायकेल होगन हा खेळाडूही होता. मैदानाच्या एका बाजूला आज त्याचे नाव आहे. असा खेळ लोकांच्या घरचा होऊन बसतो, तेव्हा माणूस आपणहून त्याग करतो. पण आपणहून, हा शब्द महत्त्वाचा आहे.

मला वाटते, माझी चूक नेमकी येथे होती. मी त्या मुलाला प्रेम की पैसा, असा प्रश्न घातला. वास्तविक त्याच्या मनात तो प्रश्नच नव्हता. त्याचे प्रेम पक्के होते. नाही तर तो खाडे सोसून वर्षभर खेळता ना! त्याचा प्रश्न एवढाच होता, की या प्रेमाचा खर्च कोणी सोसायचा? पेठ म्हणत होती, आम्ही सोसतो. मी म्हणालो, नाही. तुझ्या आईने सोसावा. त्याग हा मोठा गुण आहे, पण तो माणसाने स्वतःच्या खिशातून करावा. दुसऱ्याला त्याग शिकवणाऱ्याने आधी त्याच्या घरातले पिठाचे डबे उघडून पाहावेत. मी ते पाहिले नव्हते. आणि चारच दिवसांनी संपादकांना मानधनाचे स्मरणपत्र टाकले होते.

गेल्या दिवाळीत पाडव्याला तो घरी आला. आता त्याचे स्वतःचे दोन लेथ आहेत, हाताखाली पाच-सहा माणसे आहेत. बरोबर फराळाचा डबा आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा. चहा झाल्यावर मी धीर करून त्या जुन्या संध्याकाळचा विषय काढला आणि म्हणालो, "तेव्हा मी तुला चुकीचं सांगितलं रे. ते पैसे तू घ्यायला हवे होतेस."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तसं नव्हं सर. घ्यायचं मनात होतं म्हणून तर विचारायला आलो. तुम्ही हो म्हणाला असता, तर घेतले असते." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता, तर मला बरे वाटले असते.

मी विचारले, "तुझ्या कारखान्यातलं कोणी खेळतं का?"

"आहे की एक पोरगा. बॅकला खेळतोय."

"आणि त्याचा खाडा?"

"सामन्यादिवशी धरत नाही," तो म्हणाला. "पण आधी सांगून जायचं, एवढी अट हाय."

तेवढ्यात त्याच्या मुलाने अंगणातल्या किल्ल्यावर चेंडू मारला आणि आमच्या मुलांचा शिवाजी महाराजांचा बुरूज ढासळला. आतून सौ.ने हाक मारली. आम्ही दोघेही उठून बाहेर गेलो आणि बुरूज पुन्हा लावू लागलो.